कॅमेऱ्याची मास्तरीण

“अजून मन नाय भरलं,” असं म्हणत आक्का हातातली रबराची रिंग पुन्हा एकदा तर्जनीवर चढवायच्या. अंगठ्याने ती हलकेच ताणायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि रिंग बोटाभोवती सावकाश फिरवायच्या. डिस्पॅचचा माणूस समोर ताटकळत उभा, बाहेर टेम्पो सुरू करून ठेवलेला, मी घड्याळाकडे बघतोय. आक्कांना त्याचं काहीच नसे. मन भरलं की रिंग निळ्या डब्यात. नाही भरलं की लाल.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. कागदावर त्याचं पद सगळ्यांत खालचं, आणि त्याने मान हलवल्याशिवाय पुढे काही सरकत नाही. आक्कांचं कागदावरचं पद होतं ‘हेल्पर’.

आमचा कारखाना नाशकात, अंबडच्या एमआयडीसीत होता. मालक कंपनी युरोपातली. आम्ही रबराच्या बारीक रिंगा बनवायचो. त्या तिकडे जात आणि दवाखान्यातल्या यंत्रांत बसत. नेमक्या कुठे, हे फारसं कुणी विचारत नसे. रबर तापवून साच्यात दाबणाऱ्या प्रेसमधून निघालेल्या रिंगा तपासायला एका लांब टेबलाशी एकोणीस बायका बसायच्या. टोकाला, खिडकीजवळ, आक्का. मी क्वालिटी विभागात इंजिनिअर होतो. म्हणजे तपासणी त्या करायच्या आणि सही मी करायचो.

आक्का मूळच्या डोंगरातल्या, पेठकडच्या. लहान असताना आईबरोबर द्राक्षबागांत घड विरळायला यायच्या, मग लग्न होऊन मखमलाबादलाच राहिल्या. घरची थोडी जमीन, तिच्यात कोथिंबीर आणि मेथी. नवऱ्याची कंबर धरलेली, त्यामुळे शेतावरही अर्धं काम यांचंच. सून मनीषा आमच्याच लाइनीवर होती, सासूपासून तिसऱ्या खुर्चीवर. एका घरातले दोन पगार एकाच गेटातून येत. याचा अर्थ काय, हे तेव्हा मला नीटसं कळत नव्हतं.

साहेबांसमोर आक्का मला ‘सर’ म्हणायच्या आणि कंपनीच्या बसमध्ये ‘भाऊ’.

मी नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. आक्कांनी एक अख्खा ट्रे लाल डब्यात ओतला. मी मायक्रोमीटर घेऊन धावलो. दहा रिंगा मोजल्या, दहाही अचूक.

“आक्का, माप बरोबर आहे.”

“माप बरोबर आसंल, सर. रबर बरोबर नाय. बोटाला चिकटतंय.”

मला काही चिकट लागेना. तरी चार रिंगा लॅबमध्ये दिल्या, बहुधा आक्कांना चूक दाखवण्यासाठीच. तासाभराने लॅबवाला हसत आला. प्रेसचा एक हीटर बंद पडला होता आणि त्या ट्रेमधलं रबर अर्धं कच्चं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आक्कांसाठी कॅन्टीनमधून चहा आणला. त्यांनी एक घोट घेतला, कप माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, “ह्यो बी लाल डब्यात टाका.” सगळी लाइन हसली.

एकदा परदेशातून ऑडिटर आला. त्याने मला विचारलं, या बाई कोणत्या निकषावर रिंग बाद करतात? मी आक्कांना विचारलं. “सांगा की त्याला, मन,” आक्का म्हणाल्या. मी इंग्रजीत काहीतरी ‘दीर्घ अनुभवावर आधारित स्पर्शचाचणी’ असं सांगितलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. आक्कांनी नंतर बसमध्ये विचारलं, “एवढं लांब काय सांगितलं ओ त्याला? मी तर एकच शब्द बोलली.”

मग ते वर्ष आलं. आधी समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि ती लांबच्या वाटेने जायला लागली. आमचा माल महिनाभर उशिरा पोचू लागला. तिकडची गिऱ्हाइकं कुरकुर करायला लागली, की एवढ्याशा रिंगेसाठी अर्ध्या जगावर का अवलंबून राहायचं? आम्हाला हे कुणी बोलावून सांगितलं नाही. दुसऱ्याच गोष्टींवरून कळत गेलं. बंद पडलेल्या प्रेसचा सुटा भाग मागवला, तर ‘सध्या थांबा’ असं उत्तर आलं. दिवाळीनंतर नव्या मुली घेणार होते, त्या घेतल्या नाहीत. छताची गळती दुरुस्त करायला ठेकेदार आला, त्याला गेटवरूनच परत पाठवलं. बायका रोज बसमध्ये मला विचारायच्या, “सर, काय ऐकलं का?” आणि मी म्हणायचो, “काही नाही.” तेव्हा ते खरं होतं.

एका सोमवारी मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. सगळं उत्पादन मूळ देशात परत जाणार होतं. इथे वर्षभर चालेल, मग प्रेस उचलून नेतील. तिकडे तपासणीला माणसं परवडत नाहीत, म्हणून कॅमेरा तपासणी करणार. आणि कॅमेऱ्याला चांगली रिंग कोणती, वाईट कोणती, हे शिकवायचं इथे.

“कोण शिकवणार?” मी विचारलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

“तुमच्या आक्का. जाहीर होईपर्यंत बाहेर एक शब्द नाही. आणि तुमची काळजी करू नका, पुण्याच्या ऑफिसात तुमची सोय बघतोय.”

मी बाहेर आलो. लाइनीवर एकोणीस जणी खाली मान घालून काम करत होत्या. 

पंधरा दिवसांत कॅमेरा आला, आणि त्याच्याबरोबर तिकडची एक तरुण इंजिनिअर. सोनेरी केसांची, अठ्ठावीस-तीस वर्षांची, मन लावून काम करणारी. वातानुकूलित खोलीत एक टेबल मांडलं. आक्का रिंग तपासायच्या, निळ्या नाहीतर लाल डब्यात ठेवायच्या, आणि प्रत्येक रिंगेचे कॅमेरा सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचा. लाल डब्यात गेली की ती मुलगी विचारायची, का? मी मराठीत विचारायचो. आक्का सांगायच्या, “इथं रबर दोन बाजूंनी येऊन भेटलंय, पर एकमेकांत मिसळलं नाय. ताणलं की तिथंच तुटंल.” मी इंग्रजीत सांगायचो. मुलगी भिंगातून बघायची आणि तोंडावर हात ठेवायची.

त्या दोघींचं चांगलं जमलं. आक्का तिला ‘पोरी’ म्हणायच्या. डब्यातली मेथीची भाजी तिला द्यायच्या. तिला तिखट लागून डोळ्यांत पाणी आलं, की स्वतःच्या हाताने गूळ भरवायच्या. मी मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं पोचवत असे, आणि मला दोघींच्याही डोळ्यांत बघवत नसे.

एका संध्याकाळी बसमध्ये आक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या.

“भाऊ, ते मशीन शिकून झाल्यावर कुठं बसणार?”

“इथंच,” मी म्हणालो. “तुमच्या मदतीला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ते खोटं फार दिवस टिकलं नाही. लाकडी खोकी बनवणारा एक माणूस टेप घेऊन आला आणि भर पाळीत प्रेसची लांबी-रुंदी मोजायला लागला. मनीषाने त्याला विचारलं, “हे काय करतो रे?” तो साधा माणूस, सांगून मोकळा झाला, “पॅकिंगचं माप घेतोय. जहाजावर चढवायचंय ना.” पाच मिनिटांत लाइन बंद पडली. दुपारी साहेबांना सभा घ्यावीच लागली. पडद्यावर त्यांनी एक लांबलचक इंग्रजी शब्द दाखवला, रीशोअरिंग. म्हणाले, परत आपल्या किनाऱ्यावर नेणं.

“नाशकाला किनारा कवा होता?” आक्का मागून म्हणाल्या. दोघी-तिघी हसल्या. मग रडायला लागल्या.

त्यानंतरचा आठवडा मला आठवूही नये असं वाटतं. बायका माझ्याशी बोलेनात, ते ठीकच होतं. पण त्या आक्कांशीही बोलेनात. तुम्हीच त्या मशीनला शिकवता, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण त्या आल्या की डबा खाणाऱ्या जणी सरकून बसायच्या. शेवटी मनीषानेच सगळ्यांसमोर विषय काढला.

“आई, तुम्ही उलटं करा ना. वाईट रिंग निळ्यात टाका, चांगली लालमधी. त्याला काहीच कळणार नाही. कॅमेरा नापास झाला तर नेतील कशाला सगळं?”

“हां आक्का,” बाकीच्या म्हणाल्या. “तुमच्याच हातात हाय.”

आक्कांनी डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मनीषा म्हणाली, ताप आहे. परदेशी मुलगी रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहायची आणि मला विचारायची, त्या ठीक आहेत ना? त्या दिवशी दुपारी मी मोटरसायकल काढली आणि मखमलाबादला गेलो.

ताप नव्हता. आक्का ओसरीत बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मला पाहून त्यांनी गोणपाट पुढे सरकवलं. मी बसलो आणि बसल्या बसल्या म्हणून टाकलं, “आक्का, बसमध्ये मी खोटं बोललो होतो.”

“म्हाईत हाय. तुमचे कान लाल झाले होते.”

त्यांनी दोन जुड्या बांधल्या.

“भाऊ, एक खरं सांगा. ती रिंग कुठं बसती?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हे विचारलं होतं, आणि मलाही पहिल्यांदाच ते सांगायची वेळ आली होती. मी मोबाइलवर चित्र शोधून दाखवलं. कमी दिवसांची बाळं जन्मतात, त्यांना स्वतःचा श्वास घेता येत नाही, तेव्हा एक यंत्र त्यांना श्वास देतं. त्या यंत्राच्या नळीला जिथे जोड असतो, तिथे ही रिंग. ती फुटली तर हवा निसटते.

आक्कांनी मोबाइल हातात घेतला. चित्रात काचेच्या पेटीत एक तळहाताएवढं बाळ होतं. त्या बराच वेळ ते बघत राहिल्या. इतका वेळ, की मोबाइलचा पडदा काळा झाला, तरी बघत होत्या.

“तीन दीस मी हाच इचार करती,” त्या म्हणाल्या. “मनीषाचं बी खरं हाय. अठरा घरं हायेत. पर लाल डब्यातली निळ्यात टाकायला हात उचलला, तर जाईल का माझा? आन गेला, तर पुन्यांदा मी कशाला हात लावू?”

आत कुठेतरी त्यांचा नवरा खोकला. 

“मी येती उद्या,” आक्का म्हणाल्या. “पर आता तसंच नाय शिकवायची. लिहून घ्या.”

त्यांनी नावं सांगितली, मी लिहून घेतली. प्रत्येकीला मूळ कंपनीच्या कागदावर, इंग्रजीत आणि मराठीत, दाखला हवा. त्यावर हेल्पर नको, तपासनीस हवं. कोण किती वर्षं काय काम करत होती, कोणाला कोणता दोष ओळखता येतो, सगळं नावानिशी. “हेल्पर म्हणून दुसऱ्या गेटावर गेलं, की झाडू देत्यात हातात,” त्या म्हणाल्या.

मी नावं मोजली. “आक्का, अठराच आहेत. तुमचं नाव नाही.”

“माझं कशाला? चोपन्न वर्साच्या बाईला कोण ठेवतंय? आन माझं नाव असलं, तर साहेब म्हणंल, सोतासाठी मागती.”

दुसऱ्या दिवशी आक्का साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी सोबत होतो. साहेबांनी यादी वाचली आणि म्हणाले, हे धोरणात बसत नाही, ज्यांचं पद हेल्पर त्यांना दाखला हेल्परचाच मिळणार. आक्का “बरं सर” म्हणाल्या. मग कॅमेऱ्याच्या खोलीत जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

तो दिवस तसाच गेला. दुसराही. आक्का वेळेवर यायच्या, खुर्चीवर बसायच्या, रिंगेला हात लावायच्या नाहीत. भांडण नाही, घोषणा नाही. बाहेर बायकांना आता कळलं होतं, त्या काचेतून येता-जाता बघायच्या. आक्कांच्या ओठांचा रंग उडाला होता.  सगळ्यांनाच भीती होती, की सिक्युरिटी येईल आणि त्यांना उठवून बाहेर काढेल, आणि मग ना नोकरी ना कागद. माझ्या मनात दुसरी भीतीही होती, पुण्याची. ती होती हे मी आज लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मला बोलावलं. “या बाईला सोडा. दुसरी कुणी बसवा आणि रिपोर्टवर सही करा.”

“दुसऱ्या कुणी तपासलं तर मला सही करता येणार नाही,” मी म्हणालो. आवाज माझाच होता का, याची मला शंका आली. “या लहान बाळांच्या यंत्रातल्या रिंगा आहेत, सर.”

“पुण्याचं लक्षात आहे ना?”

“आहे.”

त्याच वेळी खोलीत त्या परदेशी मुलीने आपल्या देशात फोन लावला होता. काय बोलली ते मला कळलं नाही, तिच्या भाषेत बोलत होती. पण आवाज चढला होता आणि मधून मधून ‘आक्का’ हा शब्द येत होता. चौथ्या दिवशी सकाळी तिकडून सह्या होऊन कागद आले. मी स्वतः छापले, एकेक नाव तपासून. मजकूर तिकडे पाठवताना शेवटी एकोणिसावा कागद मी परस्पर जोडला होता. त्यावरही सही आली होती. आक्कांनी तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.  मग रिंगांचा ट्रे पुढे ओढला.

त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला जे शिकवलं, ते काही राखून ठेवून नाही. “हे बी दाखव त्याला,” म्हणत कपाटातल्या जुन्या, बाद झालेल्या रिंगा शोधून आणायच्या. “हे त्याला फसवंल बघ.” एखादा दोष कॅमेऱ्याने अचूक पकडला, की त्यांचा चेहरा खुलायचा आणि लगेच उतरायचा.

शेवटची चाचणी झाली तेव्हा काचेबाहेर सगळी लाइन उभी होती. त्याच पाचशे रिंगा आधी आक्कांनी तपासल्या, मग कॅमेऱ्याने. आक्कांनी अकरा बाद केल्या. कॅमेऱ्याने बारा.

त्या मुलीला वाटलं, कॅमेरा चुकला. मलाही तसंच वाटलं. तसंच व्हावं असं वाटत होतं, हे जास्त खरं. बारावी रिंग मी भिंगाखाली धरली. आतल्या बाजूला केसाएवढी भेग होती. आक्कांनी भिंगातून पाहिलं. मग ती बोटावर चढवली, डोळे मिटले, एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

“लागत नाय,” त्या म्हणाल्या. “मला लागत नाय ही.”

त्यांनी रिंग लाल डब्यात ठेवली. मुलीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, “शिकला गं तुझा. बाळांचं चांगलं झालं.” आणि बाहेर गेल्या. मनीषा त्यांच्यामागे धावली. हात धुवायच्या जागी नळ बराच वेळ चालू होता. नळ बंद झाला तेव्हा दोघी बाहेर आल्या. मनीषाने सासूचा हात धरला होता, आणि बाकीच्या जणींनी दोघींना मध्ये घेतलं.

पुढचं लवकर घडलं. प्रेस खोक्यांत गेले, खोकी ट्रेलरवर गेली. त्या कागदांचा उपयोग झाला, हे मी नुसतं ऐकलं नाही, पाहिलंही. मनीषा गोंद्याच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागली, अजून सात-आठ जणी इकडेतिकडे. सगळ्यांचं झालं असं नाही. दोघी-तिघी परत द्राक्षबागांत गेल्या. आक्का दोन ठिकाणी जाऊन आल्या. कागद वाचून लोकांनी मान डोलावली, वय विचारलं, आणि कळवतो म्हणाले. मला पुण्याला नेलं, पण जे सांगितलं होतं त्यापेक्षा खालच्या जागेवर. मी तक्रार केली नाही.

वर्षभराने त्या मुलीची मेल आली. नवी लाइन व्यवस्थित चालली आहे, आजवर गिऱ्हाइकाकडून एकही तक्रार नाही, आक्कांना कळव. मी लगेच फोन लावला. मागे नवऱ्याची हाक आणि पाण्याच्या मोटरीचा आवाज येत होता.

“एक बी नाय?” आक्कांनी विचारलं.

“एकही नाही.”

“ग्वाड झालं.” मग म्हणाल्या, “तिथं आमच्या जागी कोण बसतं ओ?”

“कुणीच नाही, आक्का. त्या खोलीत माणूस लागत नाही.”

“मंग दिवा कोण लावतं?”

मी मेलमधला फोटो पुन्हा उघडला. खोली काळी होती. फक्त कॅमेऱ्याखाली, रिंगेपुरता, नाण्याएवढा उजेड.

“दिवे लावतच नाहीत,” मी म्हणालो. “त्याला लागत नाहीत.”

पलीकडे मोटर चालू होती. आक्का म्हणाल्या, “त्या पोरीला सांगा, कवा आत गेली तर दिवा लावून जा म्हणावं. उगा अंधारात ठेचकाळंल.”

मी ते तिला तसंच लिहून पाठवलं. पुढच्या दिवाळीला आक्कांचा फोन लागला नाही. मनीषाला विचारलं, तर ती म्हणाली, आई पेठला माहेरी गेल्या आहेत, भावाकडे नागली कापायला माणूस नाही. फोन घरीच विसरून गेल्या, तो बंद पडलाय, आणि तिकडे डोंगरात रेंजही नाही.

“कधी येणार?” मी विचारलं.

“काय माहीत,” मनीषा म्हणाली. “जाताना सांगून नाही गेल्या.”